उजव्या कौलाची पोर

खालचीवाडी, कसाल
२ जानेवारी २०२५

चि. गौरजा,

आशीर्वाद घेशील की नाही ठाऊक नाही, म्हणून ते शेवटी लिहीन. फोन तू उचलत नाहीस. चौदा महिन्यांत किती वेळा लावला ते सांगत नाही, माझी मलाच लाज वाटते. पत्र मात्र हातात घ्यावंच लागतं, निदान फाडायला तरी.

कामाचं बोलतो. तुझ्या खुब्याच्या हाडाला चीर गेली आहे. डॉक्टरांनी सांगितलं आहे की धावलीस तर हाड जागेवरून सरकेल, आणि बाविसाव्या वर्षी कृत्रिम खुबा घालून फिरावं लागेल. लहानसं ऑपरेशन आत्ताच केलं तर वर्षभरात पुन्हा धावता येईल. एवढं सगळं ऐकून तू नऊ फेब्रुवारीच्या निवड चाचणीला पाच हजार मीटर धावणारच म्हणतेस. हे मला कुणी कळवलं ते विचारू नकोस. आकांक्षावर तर मुळीच संशय घेऊ नकोस, बंगळूरच्या शिबिरात तुझ्या खोलीत राहते एवढाच त्या बिचारीचा गुन्हा. आता नाव लिहून गेलंच आहे, खोडत नाही. तिला एक शब्द बोललीस तर माझ्याशी गाठ आहे.

तुझ्या प्रशिक्षकांनाही मी फोन केला. त्यांना सगळं ठाऊक आहे. ते म्हणाले, "तिने स्वतःच्या जबाबदारीवर लिहून दिलं आहे. निर्णय तिचा." चाळीस वर्षं शाळेत मास्तरकी केली, पण पोर खड्ड्याकडे निघाली असताना निर्णय तिचा म्हणून हात झटकायचं मला कधी सुचलं नाही.

आणि तू आकांक्षाला काय म्हणालीस? "मला काही होणार नाही, माझा कौल उजवा आहे." हे ऐकून माझं जेवण गेलं.

तुझी ती गोष्ट मला आता तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. दहावी झाली, पुण्याहून खेळाडूंच्या वसतिगृहाचं पत्र आलं, आणि बाबूदादा, तुझे बाबा, अडून बसले. "देवान उजवो कौल दिल्यान तर जातली, डावो दिल्यान तर गप घरात रवतली." मग काकाने, म्हणजे मी, देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओले कळे चिकटवले, गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी माना खाली घालून "होय म्हाराजा" म्हटलं, माना वर केल्या तर उजवा कळा पडलेला. म्हणजे देवाचा होकार. "डावा पडला असता तर आज मी काजू फोडत बसले असते." या वाक्यानंतर तू जरा थांबतेस आणि समोरचे टाळ्या वाजवतात. पहिल्या वर्षी थांबत नव्हतीस, हे मी पाहिलं आहे.

गोष्ट वाढतेही आहे हं. तू अनवाणी धावायचीस म्हणून छापून आलं. तुझ्या पायात कसालच्या बाजारातले बूट होते आणि माप चुकलं म्हणून मी ते दोनदा बदलून आणले होते. दिवाळीच्या अंकात शाळेच्या वाटेवर वाघ आला. आपल्याकडे येतो तो बिबट्या, आणि तोही कुत्र्यांसाठी. आता हत्ती तेवढा आणू नकोस, हत्तींनी बागा तुडवलेली दोडामार्गची माणसं चौकशीला येतील.

थट्टा बाजूला ठेवतो. ते बूटवाल्या कंपनीचे लोक कॅमेरे घेऊन आले, तू त्यांना शब्द दिला होतास की माझा काका देवळात कौल लावून दाखवेल, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "देवाचो खेळ करून दाखवूचो नाय माका. कॅमेरो भायर." तू काय ओरडलीस तेही आठवतं. "काकानू, तुमका माझा बरा बघवणा नाय!" त्यानंतर बोलणं बंद. त्यांनी दुसरीकडच्या कुणाला तरी फेटा बांधून गुरव केलं आणि फिल्म काढली. लाखो लोकांनी पाहिली म्हणे. मी नाही म्हणण्याला कारण होतं. ते इथे लिहीत नाही.

धावू नकोस. ऑपरेशन करून घे. आशीर्वाद आहेतच.

शिवाकाका


१२ जानेवारी

गौरजा,

तुझा कागद मिळाला. चौदा महिन्यांनंतर चार ओळी, त्याही हजेरीपटावरच्या शेऱ्यासारख्या. "काकानू, देवळात कौल लावा. उजवा आला तर धावेन. डावा आला तर ऑपरेशन करून घेईन. दुसरं काही लिहू नका."

दुसरं लिहितोच. हाडाची चीर देवाला दाखवायची नसते. क्ष-किरणाचा फोटो आहे, तो वाचणारा शिकलेला माणूस आहे, त्याने सांगितलं आहे. पाषाणाला काय विचारायचं?

हे मी लिहितो आहे, गुरवाच्या घरात जन्मलेला माणूस. तुला नवल वाटेल. वाटू दे.

शिवाय सध्या आपल्या घराला सोयर आहे, आठ-दहा दिवस देवळात शिरता येणार नाही.

खोटं लिहिलं. कुणाचं बाळ झालेलं नाही. वरची ओळ खोडायला हवी, पण मुलांना खोडाखोडीबद्दल एवढ्या छड्या मारल्या आहेत की हात होत नाही. मला कौल लावायचा नाही एवढंच खरं. माझ्या हातून नको. तुला दुसऱ्या कुणाचा चालणार नाही हेही मला ठाऊक आहे. तू प्रत्येक शर्यतीआधी तोंडातल्या तोंडात माझं गाऱ्हाणं म्हणतेस, दोन्ही बाजूंचं, माझंही आणि "होय म्हाराजा"ही, असं तू टीव्हीवर सांगितलं होतंस. मी तेव्हा टीव्ही बंद केला. तुझ्या आईने, कावेरीवहिनीने, विचारलं, "भावजी, पोरीचा बघूक नाय तुमका?" मी म्हटलं, डोळे दुखतात.

वहिनीला तुझ्या हाडाचं अजून सांगितलेलं नाही. तू सांगशील तर बरं.

शिवाकाका


२१ जानेवारी

चि. गौरजास,

काल पहाटे कौल लावला. डावा आला.

तू शब्द दिला आहेस. ऑपरेशनची तारीख घे आणि कळव.

शिवराम गुरव


२८ जानेवारी

गौरजा,

तू माझी विद्यार्थिनी आहेस हे विसरलो होतो. शनिवारी तुझा दुसरा कागद आला. "कोण कोण होतं? होय म्हाराजा कुणी म्हटलं? मी आईला फोन करून सगळं सांगितलं. तिला कौलाचा पत्ताच नाही. एकट्याने लावलेला कौल धरत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत. सोमवारी आईला उभी करून परत लावा."

सोमवारी म्हणजे काल लावायला गेलो. तुझी आई होती. रडून डोळे सुजलेले, पण पदर खोचून ताठ उभी. देवस्थानाचे प्रमुख गावकर होते, आणखी दोघे-तिघे मानकरी होते. कळे भिजवले. पाषाणाला लावायला हात पुढे केला आणि "बा देवा म्हाराजा" इतकंच तोंडातून निघालं. पुढचे शब्द पन्नास वर्षं म्हणतो आहे. आले नाहीत. कळे परत ताटलीत ठेवले आणि त्यांना जे सांगितलं तेच आता तुला लिहितो आहे. बसून वाच.

२०१८ च्या जूनमध्ये तुझा कौल डावा आला होता.

गाऱ्हाण्याचा शेवट झाला, सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणत माना खाली घातल्या, आणि त्या वेळात डावा कळा सुटून माझ्या तळव्यावर पडला. मी तो परत जागेवर दाबला. ओला होता, बसला. मग उजव्याला नखाने ढकललं. माना वर आल्या तेव्हा उजवा खाली होता. बाबूदादाने देवासमोर लोटांगण घातलं. तू माझ्या गळ्यात पडलीस.

का केलं म्हणशील. तुला शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा घड्याळ लावून मी पळवलं होतं. तू धापा टाकत येऊन उभी राहिलीस आणि मी घड्याळ कानाला लावून बघितलं, बंद पडलं की काय म्हणून. मला वाटलं, देवाला घड्याळ कळत नाही, मला कळतं. हे झालं चांगलं कारण. दुसरंही आहे. शिवा गुरवाच्या हाताखालची पोर म्हणून तुझं नाव व्हावं असं मला वाटत होतं, फार वाटत होतं. ते झालंही. मग तू ती गोष्ट सांगायला लागलीस. पहिल्याच मुलाखतीनंतर तुला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. नाशिकला तू तापात धावलीस, "कौल आहे, काही होत नाही" म्हणालीस, तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी पेढे वाटत होतो.

कॅमेऱ्यासमोर कौल का लावला नाही ते आता कळलं असेल. एकदा केलेली लबाडी पुन्हा नटून-थटून करायची, तीही तुझ्यासमोर, हे मला जमलं नसतं. तू समजलीस मी जळतो. मी ते समजू दिलं, कारण ते सोपं होतं.

अजून संपलं नाही. वीस तारखेला पहाटे मी एकटाच गेलो होतो. गाऱ्हाणं मीच घातलं, "होय म्हाराजा" मीच म्हटलं आणि यावेळी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. उजवा आला. श्वास घेण्याच्या आत आला. मी घरी येऊन तुला डावा लिहिलं.

म्हणजे देव नको म्हणाला तेव्हा मी तुला धाडलं आणि देव जा म्हणाला तेव्हा अडवलं. आता यातलं तू काय धरायचं? माझं म्हणणं विचारशील तर काहीच धरू नकोस. एकट्याचा कौल तर तूच धरत नाहीस. मला फक्त ती चीर दिसते. डोळे मिटले तरी दिसते. मला तुझ्या त्या हाडाची फार भीती वाटते गो.

तुझ्या मनात काय येईल तेही मला ठाऊक आहे. मग सात वर्षं कोण धावलं? तू धावलीस. देवाने पाठवलं म्हणून नव्हे, मी पाठवलं म्हणूनही नव्हे. पहाटे चारला उठलीस ती तू, नखं काळी पडली ती तुझी. उजव्या कौलाची पोर म्हणून पेपरवाले तुला ओळखतात. मी तुला ओळखतो ती घड्याळ बंद पाडणारी.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "भावजी, ह्या तुमी त्यांका जिते असताना सांगूक व्हया होता." बाबूदादा देवानेच पोरगी पुण्याला नेली आणि देवच सांभाळतो या समाधानात गेला. गावकर म्हणाले, "गुरवानू, उद्यापासून कळ्यांका हात लावू नकात." बरोबरच आहे. आज सकाळी माझ्या चुलतभावाने कळे लावले, मी बाहेर पायरीवर बसलो होतो.

राग कर. शिव्या दे. पण धावू नकोस.

काका


५ फेब्रुवारी

गौरजा,

तुझं उत्तर नाही. आकांक्षाचा फोन आला. माझं पत्र वाचून तू दोन दिवस खोलीबाहेर आली नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी उठून मैदानावर गेलीस. सराव करते आहेस म्हणे, दातओठ खाऊन. तिने अडवलं तर म्हणालीस, "देव नको म्हणाला होता तरी सात वर्षं जिंकले. मग डॉक्टर कोण लागून गेला?"

मी हे असं म्हटलं नव्हतं!

एक गोष्ट मोडली तर लगेच दुसरी रचलीस. पहिलीत देव तुझ्या पाठीशी होता, दुसरीत तू देवाला हरवलंस. दोन्हींत तुझं हाड लोखंडाचं आहे. पोरी, ते हाड आहे. तुझ्या आजीचं न्हाणीघरात पाय घसरून मोडलं होतं तसलंच. ती तीन वर्षं खाटेवर होती आणि तू तिला भरवायचीस. आठवत असेल.

मी येणार होतो. बॅग भरली, कुडाळ स्टेशनवर चौकशीही करून आलो. मग विचार केला की मी तिथे येऊन उभा राहिलो तर तू माझ्या तोंडाकडे बघशील आणि त्यालाही कौल समजशील. हसलो तर उजवा, रडलो तर डावा. आजवर तुझ्या आयुष्याला माझा हात दोनदा लागला, दोन्ही वेळा चोरून. म्हणून येत नाही.

तुझी आई बोलत नाही माझ्याशी. पण आज दुपारी चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "रविवारी मॅच टीव्हीवर लागतली काय?" मी म्हटलं, चाचण्या दाखवत नाहीत. मग ती म्हणाली, "मगे आमका कळतला कसा?"

स्पीडपोस्टाने धाडतो आहे. शनिवारपर्यंत पोचेल असं पोस्टमास्तर म्हणाला. त्याच्या तोंडात साखर पडो.

काका


११ फेब्रुवारी २०२५
बंगळूर

काकानू,

तुमचं पत्र शनिवारी संध्याकाळी मिळालं. वाचलं आणि बॅगेत टाकलं. रविवारी मी धावले.

आधी ऐकून घ्या. सुरुवातीची बंदूक वाजेपर्यंत मी सवयीने तोंडातल्या तोंडात "बा देवा म्हाराजा" सुरू केलं आणि पुढे काय मागायचं तेच कळेना. पहिल्यांदा काही न मागता धावले. साडेबारा फेऱ्यांची शर्यत. दुसऱ्या फेरीपासून पुढे होते. दुखत होतं, पण दुखण्याची मला सवय आहे. पाचव्या फेरीत दुखणं बदललं. पाय टेकला की आत काहीतरी घासल्यासारखं. मागची मुलगी दहा-बारा पावलं मागे होती. आजवर अशा वेळी मी मनात म्हणायचे, मी उजव्या कौलाची, मला काय होणार. शनिवारी रात्रीपासून ठरवलं होतं की आता म्हणायचं, मी डाव्या कौलाची, तरी जिंकले. दोन्ही म्हणून बघितलं. पायाला काही फरक पडला नाही.

मग मी थांबले. पुढे असताना थांबले. ट्रॅकच्या बाहेर आले आणि गवतावर बसले. कुणी सांगितलं नाही, कुणी हात केला नाही. प्रशिक्षक धावत आले, म्हणाले, "पडलीस का?" मी म्हटलं, नाही, थांबले. त्यांना कळलं नाही. मी याआधी कधी थांबलेच नव्हते.

चीर वाढली आहे. हाड अजून सरकलेलं नाही. डॉक्टर म्हणाले आणखी दोन फेऱ्या झाल्या असत्या तर बोलण्यासारखं काही उरलं नसतं. दोन स्क्रू घालणार आहेत. परत धावेन की नाही ते आत्ता सांगत नाहीत.

त्या बूटवाल्या कंपनीच्या बाईंचा फोन आला होता. बाहेर येतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरतो आहे, त्यामुळे नवी गोष्ट लागेल म्हणाल्या. पडून पुन्हा उठणारी मुलगी, असं काहीतरी. मी म्हटलं, मी पडलेली नाही. त्या म्हणाल्या, तेच जरा वेगळं सांगू. मी फोन ठेवला.

तुमच्यावर राग आहे. तुम्ही मला पाठवलंत म्हणून नाही, त्याबद्दल काय वाटतं ते अजून कळत नाही. बाबा खोट्या समाधानात गेले, त्याचा राग आहे. आणि सात वर्षं मी लोकांसमोर ते सांगत होते आणि तुम्ही ऐकत होतात, त्याचा आहे. तो जाईल की नाही माहीत नाही. एवढ्यात जाणार नाही.

पुढच्या गुरुवारी, वीस तारखेला सकाळी ऑपरेशन आहे. आईला रात्रीच फोन केला, ती निघते म्हणाली, पण तिला गाडी बदलायची कुठे ते कळत नाही. फॉर्मवर नातेवाईकाची सही लागते, तो इंग्रजीत आहे. आकांक्षा आहे सोबत, ती खूप करते. सगळे म्हणतात तू वाघीण आहेस, तुला काय भीती. मीही हसून हो म्हणते.

काकानू, माका भ्या वाटता. आवशीक घेवन येवा.

गौरजा